भूलवाल्या काकांचे निळे दिवे

भूलवाले काका बोलायला लागले की ऐकणाऱ्याला जांभई यायची. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. तो त्यांच्या कामाचाच भाग होता. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. घाबरलेल्या माणसांशी वर्षानुवर्षं हळू, सपाट, ऊबदार आवाजात बोलून तोच आवाज त्यांच्या गळ्यात कायमचा बसला होता. गणपतीत आरती झाल्यावर कोणाची गाडी कोणाच्या आड आली आहे एवढं सांगायला ते उभे राहिले, तरी पुढच्या खुर्च्यांवरच्या आज्या डोळे मिटून घ्यायच्या. आमच्या मराठी मंडळात डॉक्टर भरपूर आणि त्यांतले बरेचसे कुलकर्णी. म्हणून एक हाडवाले कुलकर्णी, एक कानवाले आणि हे भूलवाले. पुढे कुलकर्णी गळून पडलं आणि भूलवाले काका तेवढं राहिलं.

भूल देताना ते प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारत. सुट्टीला शेवटचं कुठे गेला होतात? पेशंट स्पेन म्हणायचा, समुद्राचं काहीतरी सांगायला लागायचा आणि वाक्याच्या मध्येच झोपून जायचा. काका एकदा मला म्हणाले, "अनघा, आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारतोय, पण पुरं उत्तर एकाचंही ऐकलेलं नाही. अर्ध्या उत्तराची सवय झालीय मला." तेव्हा मला हसू आलं होतं.

आमची ओळख मात्र हॉस्पिटलमुळे नाही, दुकानामुळे झाली. माझा नवरा मंदार तिथेच ज्युनियर डॉक्टर होता. मी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आलेली, आणि युनिव्हर्सिटीजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागलेली. दुकान गॅरेथचं. दाढीवाला, जाडजूड, दिवसभर चहा पिणारा भला माणूस. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. तोवर कॉम्प्युटर म्हणजे मळकट पांढरा खोका, टेबलाखाली ठेवायचा. अचानक त्या खोक्यांना खिडक्या फुटल्या. आत निळ्या दिव्यांच्या नळ्या, चमकणारे पंखे, हिरव्या झगझगीत वायरी. एका खोक्याचं तोंड तर परग्रहावरच्या प्राण्यासारखं, डोळ्यांत लाल दिवे. गॅरेथनं तो शोकेसमध्ये ठेवला होता आणि सकाळी शटर उघडलं की आधी त्याच्या डोळ्यांतले दिवे लावायचा.

एका शनिवारी काका त्या डोळ्यांसमोर उभे दिसले. रेनकोट ओला, आत टाय. मी "काका, तुम्ही इथे?" म्हणाले तर ते दचकले. मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "अगं, पोरांना हे खरंच आवडतं का?"

"घेतात तर खरं," मी म्हणाले.

"घेतात ते कळलं. आवडतं का?"

गेम खेळणाऱ्या पोरांचा आमच्याकडे राबता होता आणि त्यांतली जी खरी पट्टीची खेळणारी, ती या दिव्यांना हसायची. एक उंच मुलगा शोकेसकडे बोट दाखवून म्हणाला होता, हे असलं बापाच्या पैशानं खेळणाऱ्यांसाठी असतं. मित्र खो खो हसले. तोच मुलगा आठवड्याभरानं एकटा आला आणि खाली मान घालून निळा पंखा घेऊन गेला. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी ते एखाद्या पेशंटची लक्षणं ऐकावीत तसं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मित्रांसमोर नाही म्हणतात. बरं."

हे सगळं सलीलसाठी चाललं होतं. सलील त्यांचा एकुलता एक. इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला, हुशार, अबोल. इंजिनियरिंगला दुसऱ्या गावी गेला आणि दुसऱ्या वर्षी मध्येच परत आला. का आला ते त्यानं सांगितलं नाही. वरच्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला. दिवसभर पडदे ओढलेले, आतून कीबोर्डचा आवाज. काकू जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायच्या. मंडळात कोणी विचारलं की काकू म्हणायच्या, "ब्रेक घेतलाय त्यानं," आणि वाढायला उठायच्या.

काका त्याला एक नवा कॉम्प्युटर देणार होते. गेम तर तो खेळतोच, मग त्याच दारानं आत जाता येईल असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. त्यांनी चौकशी सुरू केली ती अगदी शास्त्रशुद्ध. ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रॉली ढकलणाऱ्या पोर्टरला विचारलं, नर्सेसच्या मुलांना विचारायला लावलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला विचारलं. टॉन्सिल्स काढायला आलेल्या एका पोराला सुट्टीच्या ऐवजी हेच विचारलं. "तो म्हणाला, लाइट्स आर कूल, माझ्या मित्राकडे..." काका मला सांगत होते, "आणि झोपला."

"सलीललाच का नाही विचारत?" मी म्हणाले.

ते एका पंख्याचं पातं बोटानं फिरवत राहिले. "ऑपरेशनच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो. समजलं का, भीती वाटतेय का, काही सांगायचंय का. परक्या माणसाला विचारतो. घरात जीभ उचलत नाही गं. आणि विचारलं तर तो फाइन म्हणतो. हाऊ आर यू, फाइन. जेवलास का, फाइन."

कॉम्प्युटर मी जोडला. काकांनी प्रत्येक भाग स्वतः निवडला आणि निवडताना एकच बघितलं, तो उजळतो कसा. दोन निळ्या नळ्या, चमकणारे पंखे, बाजूला काचेसारखी मोठी खिडकी. पुरा झाला तेव्हा गॅरेथनं दुकानातले दिवे घालवले आणि आम्ही तिघं त्याच्याकडे पाहत उभे राहिलो. काकांचा चेहरा निळा दिसत होता. "मत्स्यालयासारखा दिसतो," ते म्हणाले. त्या दिवसाइतके खुशीत मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

तो बसवायला मी त्यांच्या घरी गेले. सलीलनं दार उघडलं. विशी ओलांडलेला, चेहरा पांढराफटक, पण वागायला अतिशय नम्र. "ये ना, अनघाताई. सॉरी, माझा खोली घाण आहे," म्हणाला. घाण काही नव्हती. नुसती अंधारी होती. मी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि भिंती निळ्या झाल्या. काका उंबऱ्यातच थांबले होते, आत यायला परवानगी हवी असल्यासारखे.

"आवडला?" त्यांनी विचारलं.

"हो, छान आहे. थँक यू, बाबा."

काका मान हलवत खाली गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत सलील थांबला. मग म्हणाला, "ताई, तो लाइट बंद करता येते का? स्क्रीनमध्ये दिसतो. आणि आवाज पण येते, असा, झिंग." त्या नळ्यांचा खरंच एक बारीक आवाज यायचा, सहसा कोणाच्या लक्षात न येणारा. बापाचे कान होते त्याला. मी आतली वायर काढली. खोली पुन्हा होती तशी झाली. "दॅट्स बेटर," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले.

डिसेंबरात आमच्याकडे चारलाच अंधार पडतो. काका कामावरून आले की गाडी लावून बागेत जायचे आणि वर खिडकीकडे बघायचे. पडद्याच्या फटीतून निळं काही दिसतं का. दिसेना. तेव्हा त्यांना वाटलं, नळ्या गेल्या. ते पुन्हा दुकानात आले आणि जास्त उजेडाच्या नळ्या दाखव म्हणाले. मी त्या खोक्यातून काढल्या, पण त्यांच्या हातात देववेनात.

"काका, नळ्या गेलेल्या नाहीत. त्यानंच बंद करायला लावल्या. स्क्रीनवर उजेड पडतो म्हणाला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला छान आहे म्हणाला होता."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"हो," ते म्हणाले. "तसा चांगला आहे तो."

पुढच्या महिन्यात एका चर्चच्या हॉलमध्ये गेम खेळणाऱ्यांचा मेळावा भरला. आपापले कॉम्प्युटर उचलून आणायचे, सगळे एकमेकांना जोडायचे आणि दिवसभर खेळायचं. वायरी पुरवायचं काम गॅरेथचं होतं, म्हणून मी जाणार होते. काकांना कसं कळलं कोण जाणे, सकाळी सूट घालून दारात हजर. "नुसतं बघतो," म्हणाले. सलीलला येतोस का म्हणून विचारलं होतं, दाराबाहेरून. तो म्हणाला होता, नो थँक्स, आय ॲम फाइन.

हॉलमध्ये लांब टेबलं, वर येशूचं चित्र, खाली रांगेनं माणसं आणि मशिनं. काही मशिनं साधी, काहींतून जत्रेसारखा उजेड. काका टेबलांमधून हिंडत होते, वॉर्डमध्ये राउंडला हिंडावं तसे. सुरुवातीला दिव्यांच्या मशिनांभोवती घोळका होता. खेळ सुरू झाल्यावर तो पांगला. मग कोणी कोणाच्या दिव्यांकडे ढुंकूनही बघेना. सगळ्यांच्या माना आपापल्या स्क्रीनमध्ये. काकांनी मला खुणेनं ते दाखवलं. शोध लागल्यासारखे डोळे झाले होते त्यांचे.

कोपऱ्यात एक चाळिशीतला गृहस्थ एकटाच बसला होता. सगळ्यांत देखणं मशीन त्याचं. स्वतः पत्रा कापून, घासून, रंगवून केलेलं, आतला उजेड पाण्यासारखा हलणारा. खेळायला मात्र तो अगदीच सुमार होता. काकांनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आपल्या त्या आवाजात विचारलं, "तुम्हाला स्वतःला आवडतात का हे दिवे?"

तो माणूस खेळ थांबवून विचार करू लागला. मग म्हणाला, "खरं सांगू? घरी मी ते लावतच नाही. पण हे नसलं ना, तर मी आलोय हे इथे कोणाच्या लक्षात येत नाही."

काकांनी त्याला पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी एवढं पूर्ण उत्तर मिळालं होतं, आणि त्यांना ते पेलवलं नसावं. थोडा वेळ त्याच्या शेजारी बसून त्यांनी त्याचा खेळ पाहिला. तो हरला तेव्हा "हार्ड लक" म्हणाले आणि उठले. मला घरी सोडताना त्यांनी गाडीचे वायपर लावले. मग म्हणाले, "आपल्याकडे कोणी बघावं असं वाटतं त्यांच्यासाठी आहेत ते दिवे. आणि ज्याला कोणी बघूच नये असं वाटतं, त्याच्या खोलीत मी ते लावून आलो."

त्यानंतर त्यांनी एक साधं मशीन करायला सांगितलं. लहान, काळं, दिवा एकही नाही, पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे. पुरं झालं तेव्हा ते दुकानात त्याला कान लावून बसले. स्टेथोस्कोप तेवढा नव्हता. "चालू आहे ना?" त्यांनी दोनदा विचारलं. या वेळी तेच ते घेऊन गेले. मला येऊ नकोस म्हणाले.

नंतर काकूंनी मला सांगितलं. सलीलनं मशीन लावलं, कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "हा कोणी सिलेक्ट केला?" काका म्हणाले, मी. "हा परफेक्ट आहे, बाबा." त्या संध्याकाळी तो खाली येऊन टेबलाशी जेवला. काकूंनी घाईघाईनं बटाट्याची भाजी टाकली. जेवण झाल्यावर त्यानं ताट स्वतः धुऊन ठेवलं. फोनवर काकूंचा आवाज इतका हलका होता की मीही मंदारला म्हणाले, लागेल आता मार्गाला.

पुढे काही दिवस तो अधूनमधून खाली येत राहिला. मग एका दुपारी, काका ऑपरेशन थिएटरमध्ये आणि काकू भाजी आणायला गेलेल्या असताना, तो घरातून निघून गेला. एक बॅग, पासपोर्ट आणि ते लहान काळं मशीन बरोबर नेलं. निळ्या दिव्यांचं जड होतं. ते खोलीतच राहिलं. किचनच्या टेबलावर किल्ली ठेवली होती. बाकी काही नाही.

पोलीस चांगले होते, काकू नेहमी म्हणायच्या. घरी आले, चहा घेतला, फोटो नेला. महिन्या-दीड महिन्यानं त्यांतली एक तरुण कॉन्स्टेबल पुन्हा आली. योगायोगानं मीही तेव्हा तिथे होते. सलील सापडला होता. सुखरूप होता. पण तो सज्ञान आहे, आणि कुठे आहे ते आई-वडलांना सांगू नका असं त्यानं स्पष्ट सांगितलं आहे, त्यामुळे तिला सांगता येणार नाही.

काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः भेटलात त्याला?"

"नाही, तिकडच्या सहकाऱ्यांनी पाहिलं."

"बारीक झालाय का?"

"मला खरंच माहीत नाही, डॉक्टर."

"का गेला ते बोलला?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, तुम्हाला काही निरोप द्यायचा असेल तर तो पोचवता येईल. काका खिडकीबाहेर पाहत राहिले. इतका वेळ की ती मुलगी टोपी हातात फिरवायला लागली. शेवटी ते म्हणाले, "सांगा की इकडे सगळं ठीक आहे." इंग्रजीत म्हणाले. एव्हरीथिंग इज फाइन.

त्या वर्षी त्यांनी काम सोडलं. चूक काही झाली नव्हती. पण एकदा पेशंट झोपल्यावरही आपण त्याच्याशी बोलतच राहिलो आणि नर्सनं हाताला धरून थांबवलं, असं ते मंदारला म्हणाले. "भूल देणाऱ्याचं लक्ष असं जाऊन चालत नाही," म्हणाले आणि राजीनामा दिला. कॉम्प्युटरबद्दल, दिव्यांबद्दल त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. दुकानावरून जायचे, आत हात करायचे, थांबायचे नाहीत. गॅरेथनं शोकेसमध्ये नवीन काय काय मांडलं, तिकडे त्यांची नजर गेल्याचं मी पाहिलं नाही.

मंदारला वॉटफर्डला नोकरी लागली आणि आम्ही कार्डिफ सोडलं. निघायच्या आधी भेटायला गेलो तेव्हा काका दारापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाले एवढंच, "एम-फोर हायवेला गर्दी असेल, लवकर निघा." रविवारी फोन व्हायचा. हवा, गुडघे, मंडळाची भांडणं. सलीलचं नाव आम्ही काढायचो नाही, तेही काढायचे नाहीत. काकू मात्र फोन ठेवता ठेवता म्हणायच्या, "काही कळलं तर सांगेनच तुला." तसं सांगायची वेळ आली नाही.

आम्ही कार्डिफ सोडल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी चहा पिता पिता, पेपर हातात असताना. काकूंनी त्याच पोलीस स्टेशनला फोन करून निरोप पोचवायला सांगितला. पोचवला, असं त्यांनी कळवलं. पुढचं काही कळवलं नाही.

आम्ही गाडीनं कार्डिफला गेलो. इथे सगळं क्रिमेटोरियममध्ये, वेळ ठरवून. मंडळाची माणसं आली होती, हॉस्पिटलातल्या नर्सेस आल्या होत्या, गॅरेथ काळा कोट घालून मागे उभा होता. हाडवाल्या काकांनी मंत्र म्हटले. मग तिथला माणूस पुढे आला. शवपेटी आत दाहिनीत जाण्यासाठी एक बटण असतं, आणि आपल्याकडे अग्नी मुलगा देतो हे त्या लोकांना आता माहीत झालेलं आहे. त्यानं अदबीनं, हळू आवाजात विचारलं, "मुलगा आलाय का?"

काकूंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. आम्हीही सगळ्यांनी पाहिलं. काचेबाहेर पुढच्या वेळेची माणसं येऊन थांबली होती, अनोळखी, हातात फुलं घेतलेली. काकूंनी "थोडं थांबू या का?" असं विचारलं. त्या माणसानं घड्याळाकडे न पाहता मान हलवली आणि आम्ही थांबलो. नर्सेसपैकी कोणीतरी खोकलं. दार उघडलं नाही.

"अनघा, जरा हात धर," काकू म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. मी त्यांना धरून दोन पायऱ्या वर नेलं. त्यांनी पुन्हा मागे पाहिलं नाही. बटण कुठलं ते त्या माणसाला विचारलं आणि दाबलं.